तीन बोटांची गोलाई

आमच्या शेंद्र्याच्या ऑफिसात करमाडहून येणारे एक गृहस्थ आहेत. कॉम्प्युटरवर काढलेल्या भागाची ताकद तपासायची तर आधी त्यावर बारीक त्रिकोणांची जाळी चढवावी लागते. ती चढेना की आम्ही त्यांनाच बोलावतो. ते खुर्चीवर बसत नाहीत. उभ्यानंच स्क्रीन बघतात आणि पहिल्यांदा विचारतात, "चहा झाला का?"

परवा पंपाच्या झाकणाचं माझं मॉडेल दोन दिवसांपासून अडलं होतं आणि साहेबांना दुपारी रिपोर्ट हवा होता. कडेची गोलाई गुळगुळीत यावी म्हणून मी तिच्यावर तिचा आकार ठरवणारे चाळीस बिंदू ठेवले होते. जाळी नेमकी तिथंच फाटत होती. शेवटी त्यांना बोलावलं.

त्यांनी खिशातून खोक्याला बांधतात तसली प्लास्टिकची पट्टी काढली. "दहा बोटांनी धरून वाकवा, ताई." पट्टीला जागोजागी पोक आले. "आता तीनच बोटं लावा." पट्टी सुरेख वळली.

"लई धरून ठेवलंय तुम्ही तिला," ते म्हणाले. आम्ही पाचच बिंदू ठेवले, तशी जाळी बसली.

तेवढ्यात साहेब आले. "काय चुकलं होतं?"

मी तोंड उघडणार, तोच ते गृहस्थ म्हणाले, "काय नाय साहेब, गोलाईच अवघड होती." आणि निघून गेले.

पट्टी माझ्याच टेबलावर राहिली होती. ती परत द्यायला उठले आणि वाटेत थबकले. तशीच एकेक पट्टी, जी मी आजवर खोक्यांचा कचरा समजत होते, प्रत्येकाच्या टेबलावर होती.