माय आज रागावली

मंडळी, आत्ताच मायला दवाखान्यातून खोलीवर घेऊन आले. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मायला उदासीचा आजार आहे. गोळ्यांनी फरक पडला नाही, म्हणून डॉक्टरांनी चुंबकाच्या मशीनचा उपचार सुचवला. खुर्चीत जागंच बसायचं आणि मशीन डोक्यावर टकटक करतं. पण ते काही आठवडे जवळजवळ रोज घ्यावं लागतं. जिवतीच्या डोंगरातून नागपूरला रोज कोण येईल? म्हणून आम्ही दोघी इथंच राहतोय.

"डोक्यावर सुतारपक्षी बसल्यावानी वाटते," एवढंच ती पहिल्या दिवशी बोलली. मग गप्पच.

आज खुर्चीतून उठताना तिनं विचारलं, "आपल्या झाडाची मोहफुलं कोण वेचून राह्यलं वं?"

आमच्या गावात मोहाचं झाड ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. मी लगेच शेजारच्या काकीला फोन लावला. ती म्हणाली, "मीच वेचून राह्यली. तुमची येगळी वाळवली, माह्यात मिसळली नाई."

मायनं फोन हिसकावला. "रोज उन्हात हलवतं का नाई? बुरशी लागंल ना त्याले!"

किती महिन्यांनी माय कोणावर तरी रागावली! मी जिन्यात जाऊन रडले.

आता ती म्हणते, "मोह सरायच्या आधी घरी चाल." उपचार अर्धाच झालाय. बरी होऊ लागली, म्हणूनच तिला आता इथं राहवत नाही.

तुम्हीच सांगा, मी तिला काय सांगू?