मे महिन्यातले दोन हिरवे ठिपके

आमचं गाव दौंडच्या अलीकडं, भीमेच्या काठाला. मी पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायच्या, हाच बापजाद्यांचा धंदा. शाळा चौथीपर्यंत. त्यामुळं बोलतो तसंच लिहितोय, तसंच वाचा.

गाद्या मी भरायचो, खोळी बायको शिवायची. दुकानाच्या दारात तिचं मशीन असायचं. पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलगी आमच्याकडं आली ती ते मशीन बघूनच. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. ती नदीवर संशोधन करत होती. नदी दरसाल काठ किती खाते ते तिला मोजायचं होतं. त्यासाठी तिनं आणि कॉलेजातल्या पोरांनी थर्माकोलचं एक छोटं विमान केलं होतं. पोटाखाली कॅमेरा बांधलेला, खालनं रिमोटवर उडवायचं. आता त्या कामाला ड्रोन निघालेत. तेव्हा आम्ही विमानच म्हणायचो.

तिला मांजरपाटाची मोठाली अधिक चिन्हं शिवून पाहिजे होती. ती रानात अंथरायची, तिकाटण्यावर दुर्बीण ठेवून त्यांची जागा मोजायची. मग वरून काढलेल्या फोटोत ती पांढरी चिन्हं दिसली की कॉम्प्युटर फोटो जागच्या जागी बसवतो, असं तिनं समजावून सांगितलं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शिलाई दुहेरी मारू का एकेरी?"

"कशीही चालेल, चाची. वरून काही शिलाई दिसणार नाही."

"वरनं न्हाई दिसली तर खालनं दिसंल की. दुहेरी मारते."

पोरांनी चिन्हं अंथरली, मोजली. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी उडायचं होतं. सकाळी मुलीचे सर कॉलेजची गाडी घेऊन आले, तर रानात एकही चिन्ह नाही. पोरं शोधत फिरत होती. शेवटी सापडली ती नदीकाठच्या बाभळींवर, नीळ देऊन वाळत घातलेली. बायको बाजूला बसून राखण करत होती.

"बाई, हे काय केलंत?" सर म्हणाले.

"धुतली. म्हसरं हिंडली हुती त्यांच्यावरनं, शेणानं भरली हुती. तुम्ही वरनं फोटो काढणार, कॉलेजात लावणार, लोक इचारणार कुणी शिवलंय. माझी शोभा नको व्हायला?"

"अहो, पण आम्ही काल दिवसभर मोजत होतो!"

"काल मळक्यात मोजलं असंल. आता पांढऱ्यात मोजा."

सर कपाळाला हात लावून उभे. मुलगी तोंड फिरवून हसत होती. त्या दिवशी परत मोजावं लागलं, विमान दुसऱ्या दिवशी उडालं. तिथनं पुढं ती मुलगी गावात आली की जेवायला आमच्याकडंच.

त्याच हिवाळ्यात बायको गेली. किडन्या निकामी झाल्या होत्या. दवाखाना केला, उपयोग झाला नाही. याच्यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

आमचं कब्रस्तान गाव आणि नदीच्या मध्ये. वरच्या अंगाला रस्ता आणि दगडी भिंत, तिथनं नदीकडं उतार. कबरी कच्च्या. मातीचा उंचवटा, डोक्याशी एक दगड, बस. हिची कबर शेवटच्या ओळीत, नदीकडच्या अंगाला. ती गेल्यावर थोड्याच दिवसांत शेजारीण गेली आणि रिवाजाप्रमाणं तिला पुढची जागा मिळाली, म्हणजे त्याच ओळीत हिच्या लगेच खाली.

हे सांगायचं कारण, दोघी जन्मभर मोरीच्या पाण्यावरनं भांडल्या. आमचं घर वर, त्यांचं खाली. आमच्या मोरीचं पाणी त्यांच्या उंबऱ्यापुढं जायचं. मी दोनदा गटार काढलं, दोनदा बुजलं. शेजारणीला मूठमाती देताना कुणीतरी मागनं म्हणालंच, "हितंबी शेजार सुटला न्हाई."

मी हिच्या डोक्याशी सबजा लावला. आमच्यात लावतात. रोज सकाळी एक कॅन पाणी न्यायचो. तो उन्हाळा वाईट होता, गावाला टँकर यायचा. शेजारणीचा मुलगा कुरकुंभला केमिकल कंपनीत, नाईट करून मोटारसायकलवर परतताना मला गाठायचा.

"चाचा, जित्या माणसांना पाणी पुरंना आन् तुम्ही मेलेल्यांना पाजताय?"

"तुझ्या वाटणीचं न्हाई. माझ्या आंघोळीचं हाय."

"म्हंजी आंघोळ करत न्हाई तुम्ही?"

"वास येतो का?"

"येतो की."

"मग लांबनं जात जा."

मे महिन्यात मुलगी परत आली. पावसाच्या आधीचा काठ तिला टिपून ठेवायचा होता. दुकानात आली, मशीनवर चादर टाकलेली बघितली आणि तिला कळलं. थोडा वेळ बसली. मग म्हणाली, दोन चिन्हं उसवलीत, कुणाकडून शिवून घेऊ? मीच शिवून दिली. एकेरी. दुहेरी मला नीट येत नाही. विमान उडालं, फोटो निघाले, ती गेली.

पावसात वरच्या धरणांतनं पाणी सोडलं आणि भीमा गावात शिरली. घरं वाचली, कब्रस्तान बुडालं. पाणी ओसरल्यावर बघितलं तर भिंतीपाशी वीतभर गाळ आणि नदीकडं गुडघाभर. सगळं सारवल्यासारखं सपाट. दगड गेले, सबजा गेला, खुणेची बाभळ होती तीही गेली.

गावात हाजी होते, आमच्या जमातीचं, कब्रस्तानाचं बघायचे. माझ्याच वयाचे. त्यांनी आठवड्याभरात सांगितलं, इथनं पुढं कबरी खाली गाळात खांदायच्या. वरच्या अंगाला मुरूम आहे, पहार लावून दिवस जातो. गाळात फावडं कसं लोण्यात गेल्यागत जातं. पोरं खूश झाली.

मी म्हणालो, "तिथं माझी बायको हाय."

"कुठं?"

मी गाळात उतरलो. एक पाऊल पुढं गेलो, दोन मागं आलो. महिनोन् महिने रोज पाणी घेऊन गेलेला माणूस, पण खूणच राहिली नव्हती.

"भाई," हाजी म्हणाले, "मातीत माती मिळायचीच. जुन्या कबरीवर नवी हुतच आलीय."

"जुन्या. हिला अजून वर्ष झालं न्हाई, हाजी. उद्या तिथं फावडं लागलं तर काय निघंल ते तुम्हालाबी माहीत हाय."

हाजींनी पायानं गाळ उकरून बघितला. मग म्हणाले, "जागा दाव, तेवढी सोडू. पर दुसरी मयत व्हायच्या आत दाव. मयत थांबत न्हाई."

गावात दोन म्हातारी माणसं तेव्हा अंथरुणाला होती. मी रोज त्यांच्या तब्येतीची चौकशी करायला लागलो. घरच्यांना वाटलं, माणूस बायको गेल्यापासनं मायाळू झालाय.

मुलगी पुरानंतर येणार हे मला माहीत होतं. पुरानं काठ खाल्ला होता आणि तेच तिला मोजायचं होतं. आली. मी तिला पाणीही न विचारता सांगितलं, मेमधला फोटो दाखव. तिच्या पिशवीत कॉलेजचा मांडीवर घ्यायचा कॉम्प्युटर होता. तो तिनं भरून ठेवलेल्या गादीवर उघडला. शेजारणीचा मुलगा उशीचा कापूस पिंजायला टाकून बसला होता, तोही मान लांबवून बघायला लागला.

वरून सगळं पिवळंतपकिरी. भिंत म्हणजे एक रेघ. कबरी म्हणजे ओळीनं पडलेल्या सावल्या. मी बोट फिरवत गेलो. शेवटच्या ओळीत एक हिरवा ठिपका होता. अख्ख्या कब्रस्तानात, अख्ख्या रानात म्हटलं तरी चालेल, दुसरं हिरवं नव्हतं.

"हे काय आहे, चाचा?" मुलीनं विचारलं.

"सबजा," मी म्हणालो. "हीच."

तिनं चित्र मोठं केलं. तेव्हा दिसलं, त्याच्या लगेच खाली, नदीच्या बाजूला आणखी एक ठिपका होता. पहिल्याएवढा गर्द नाही, पण हिरवाच.

"आन् ह्यो?" शेजारणीचा मुलगा म्हणाला.

"तुझी आई. हरळी धरली असंल."

"तुम्ही पाणी घालायचा तिला?"

"मी कशाला घालू? उताराला आपसूक जायचं."

"मोरीगत."

"मोरीगत."

तो उठला. उशी न घेताच गेला. खरं सांगायचं तर रोज जाऊनसुद्धा ती हरळी माझ्या ध्यानात आली नव्हती. बायको असताना मला तिकडं बघायची सवय नव्हती, ती गेल्यावरही लागली नाही.

मुलगी म्हणाली, फोटोतली जागा जमिनीवर काढता येईल. पुराआधी मोजलेला रस्त्यावरच्या छोट्या पुलाचा कठडा आणि विहिरीचा कोपरा अजून जागेवर आहेत, त्यांच्यावरून. फक्त सरांना विचारावं लागेल, दुर्बिणीचं यंत्र संशोधनाचं आहे. तिनं दौंडला जाऊन फोन केला. परत आली ती हसतच. सर आधी म्हणाले होते, हे आपलं काम नव्हे. मग त्यांनी विचारलं, आपली चिन्हं धुणाऱ्या त्याच का बाई? ही हो म्हणाली. सर म्हणाले, "ने यंत्र. आणि ते चिखलात घालू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात हाजी आडवे.

"बाई माणूस आत न्हाई जायचं."

"मी आत येतच नाही, हाजीचाचा," मुलगी म्हणाली. "यंत्राला भिंतीवरून दिसतं."

तिनं तिकाटणं भिंतीबाहेर रस्त्यावर रोवलं. माझ्या हातात उंच काठी दिली, काठीच्या टोकाला आरसा. मी काठी घेऊन आत उभं राहायचं, तिनं दुर्बिणीतनं आरसा बघायचा आणि हातानं खुणा करायच्या, असं ठरलं. शेजारणीचा मुलगा नाईटवरनं आल्यावर न झोपता भिंतीवर चढून बसला होता. तो तिच्या खुणा मला ओरडून सांगायला लागला.

"उजवीकडं, चाचा! तुमची उजवी!"

"मला माझी उजवी कळती!"

"मग डावीकडं कशाला चाललाय?"

चिखलातनं पाय निघत नव्हता. मुलगी हात हलवायची, मी सरकायचो. मागं. आणखी मागं. थोडं डावीकडं. काठी सरळ. मग तिनं दोन्ही हात वर केले.

मी थांबलो. मला वाटलं होतं, त्या जागेवर आलो की पायाला काहीतरी कळेल. काही कळलं नाही. तिथला चिखल दुसरीकडच्या चिखलासारखाच होता. मी खुंटी ठोकली.

हाजींनी भिंतीपाशी जाऊन विचारलं, "नक्की हाय का?"

"वीतभर इकडंतिकडं होऊ शकतं," मुलगी म्हणाली. ती खोटं बोलली नाही, हे मला आवडलं.

"वीतभर?" हाजी म्हणाले. "आम्ही समोर बघून खांदतो तरी हातभर हुतं."

तेवढ्यात शेजारणीचा मुलगा भिंतीवरनं आत उतरला आणि न विचारता माझ्या हातनं काठी घेतली. मुलीनं त्यालाही हात केले. तीन-चार पावलांत तो थांबला, खुंटी ठोकली, उभा राहिला.

"लय जवळ हायत, चाचा."

"घरं तेवढीच जवळ हायत की."

मग एकेक जण यायला लागला. कुणाचा बाप, कुणाची लेक. हिरवे ठिपके त्यांचे नव्हते, पण फोटोत कबरी होत्या, आणि ओळीत कितवी ते ज्याला त्याला आठवत होतं. दुपार कलली तरी मुलगी उन्हात उभी. शेवटी हाजी स्वतः काठी घेऊन आत गेले, भावासाठी. त्यांच्या उजव्या-डाव्याचा घोळ माझ्यापेक्षा जास्त झाला, पण त्यांच्यावर ओरडायची कुणाची हिंमत नव्हती.

गाळातली ती सगळी पट्टी सोडली. अंथरुणावरच्या दोघांपैकी एक म्हातारा पंधरवड्यातच गेला आणि त्याची कबर वर मुरमात खांदली. पोरांचे हात सोलले. शेजारणीचा मुलगा पहार मारता मारता म्हणाला, "तुमच्या पाण्यापायी हे आमच्या कपाळी आलंय."

मुलीचा प्रबंध झाला. तिनं मला त्यातल्या आमच्या गावच्या भागाची झेरॉक्स आणून दिली. त्यात कब्रस्तानाचा फोटो आहे, पण काळापांढरा. ठिपके दिसत नाहीत. मी तिला तसं बोललो नाही.

खुंट्यांच्या जागी दगड बसवले. गाळात सबजा चांगला धरतो. दुसऱ्या उन्हाळ्यात परत टँकर आला आणि मी परत कॅन घेऊन जायला लागलो. एका सकाळी शेजारणीच्या मुलानं मोटारसायकल थांबवली. मला वाटलं, आता टोमणा येणार.

"चाचा, खालीबी घालत जा की थोडं."

"वरनं जातंय की उताराला."

"ते न्हाई चालायचं," तो म्हणाला. "तुमच्या घरचं वरनं आलेलं पाणी अम्मीनं जन्मात कधी चालवून घेतलं का? तिला येगळं घाला."

त्यानं मोटारसायकलला अडकवलेला एक रिकामा कॅन काढून माझ्या हातात दिला आणि गेला. तेव्हापासनं मला दोन कॅन न्यावे लागतात.