हिराबाईचं दमणं

हिराबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरबाडच्या स्टँडवर वैशाखरे गावाला जाणाऱ्या जीपमध्ये बसलो होतो. फोन तिच्या लेकीचा, मंगलचा. "भाऊ, आय गेली," एवढंच बोलली. हृदय कधीचं थकलेलं होतं, असं डॉक्टर म्हणाले म्हणे... दीड महिना झाला त्याला. ती जाण्याच्या चारच दिवस आधी मला म्हणाली होती, "भाऊ, दमले मी," आणि मी हसलो होतो.

का हसलो, ते सांगायला हवं. वैशाखऱ्याजवळच्या डोंगरावर निसर्ग उद्यान सुरू झालं तेव्हापासून आम्ही दोघं तिथे वाटाडे. मी पुढे, म्हणजे मोठा शहाणा, आणि ती सगळ्यांच्या मागे. पायथ्याच्या वाडीतली बाई, याच उतारावर लाकूडफाटा गोळा करत वाढलेली. तो चढ म्हणजे तिचं अंगण. कल्याण-ठाण्याहून आलेल्या मंडळींत एखाद्या आजोबांना धाप लागायची, पण चारचौघांत थांबा म्हणायची लाज. तेवढ्यात मागून हिराबाईचा आवाज यायचा, आपण दमलो, जरा टेकतो म्हणून. सगळे थांबायचे. पोरं तिलाच चिडवायची, काय मावशी, एवढ्यात? ती न आलेला घाम पदरानं पुसायची, ओच्यातली करवंदं वाटायची, आणि आजोबा निवांत बसायचे. अशी गुणाची ढोंगी बाई मी दुसरी पाहिली नाही.

त्या शेवटच्या रविवारी "भाऊ, दमले मी," म्हणत ती तिसऱ्या वळणावर बसली. मी सवयीनं घोळका न्याहाळला. सगळी कॉलेजातली तरणीताठी पोरं, कुणाला दम लागलेला नाही.

"अगं, आज कुणासाठी?" मी हसत विचारलं.

ती नुसती हसली. मी घड्याळ दाखवलं आणि तिला उठवलं... उठवलं, आणि पार वरपर्यंत चालवलं. मूर्ख माणूस!

हे मनात घेऊन परवा वाडीवर गेलो. मंगल ओटीवर तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, तुझी आई खरं बोलत होती गं, मलाच कळलं नाही. तिचा सुपातला हात थांबला.

"भाऊ, पावसाळ्यापासून आय तुमच्यापायीच बसायची. घरी येऊन सांगायची, भाऊंचा गुडघा सुजलाय, पन ते बोलायचे नाय."

गुडघ्याचं मी माझ्या बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. तिथेच ओटीवर बसून मी रडलो, लेकीसारख्या पोरीसमोर. त्या रविवारी ती स्वतःसाठी बसली की माझ्यासाठी, मी विचारलं. मंगललाही ते माहीत नव्हतं.

निघताना तिनं हात पुढे केला. मी तो धरून उठलो.