त्रेसष्ट प्रोजेक्ट आणि एक पंखा

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रेसष्ट प्रोजेक्ट होते आणि आमच्या घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी जुनी झाली होती. त्या वर्षी मी कायम ज्या धास्तीत असायचो, ती या दोन गोष्टींमुळे.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी पुण्यात नोकरी करत होतो. कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या गावी मी लॅपटॉप घेऊन आठ दिवसांसाठी म्हणून आलो आणि राहूनच गेलो. आबांची उजवी बाजू गेली होती. बोलणं दोन-चार शब्दांवर आलं होतं. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवावं लागे, नाहीतर पाठीला जखमा होतात. आबा अंगाने थोराड आणि आई वाळून काडी झालेली. तिच्या एकटीच्याने ते होण्यासारखं नव्हतं.

मॅनेजर मॅडमनी गावाहून काम करायला परवानगी दिली होती. पण दोनदा माझं काम उशिरा पोचलं, तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या, "आता तिसऱ्यांदा उशीर झाला तर एक तारखेपासून ऑफिसला यावं लागेल. मलाही वर उत्तर द्यावं लागतं." हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की त्या ओरडल्या असत्या तर बरं, असं मला वाटलं.

उशीर माझ्या आळसाने होत नव्हता, बिल्डमुळे होत होता. आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा रूपात आणावा लागतो, त्याला कंपाइल करणं म्हणतात, आणि सगळे प्रोजेक्ट कंपाइल करून एकत्र जोडले की झाला बिल्ड. त्रेसष्टच्या त्रेसष्ट प्रोजेक्ट पहिल्यापासून करायचे तर माझ्या लॅपटॉपला दोन तास चाळीस मिनिटं लागत. एवढ्या वेळात आमच्याकडे लाइट दोनदा जाऊन यायची. म्हणून ज्याला हात लावलाय तेवढंच कंपाइल व्हावं, बाकीचं कालचंच वापरावं, यासाठी मी जिवाचं रान करायचो. सगळ्यात भीती 'कॉमन'ची. ही एक सामायिक फाइल होती आणि सगळे प्रोजेक्ट ती वाचायचे. तिला नुसतं शिवलं तरी सगळं घर बाटल्यासारखं त्रेसष्टही प्रोजेक्ट पुन्हा करावे लागत. यंत्र फाइलच्या आत काय बदललं ते बघत नाही, फक्त ती शेवटची सेव्ह झाली ती वेळ बघते. वेळ नवी दिसली की लागलं कामाला. आमच्या टीममधल्या कुणाला याचं काही वाटत नव्हतं. पुण्यात लोक बिल्ड लावून निवांत जेवायला जातात. मला त्यांचा फार राग यायचा.

ही गोष्ट उन्हाळ्यातल्या एका शुक्रवारची. चार वाजेपर्यंत एक दुरुस्ती करून, बिल्ड करून, पुण्याला चाचणीसाठी पाठवायची होती. सकाळी नऊ वाजता मी बाकीच्यांचे बदल उतरवून घेतले. कोणी काय बदललंय याची यादी वाचायची सोडून मी सरळ कामाला लागलो. घाबरलेल्या माणसाची ही एक खोड असते, त्याला वाचायला वेळ नसतो. आणि दुसरी खोड म्हणजे हात स्वस्थ बसत नाहीत. दुरुस्ती करताना कॉमन उघडली होती, तिच्यातल्या एका टिपेत कुणीतरी चुकीचं स्पेलिंग लिहिलं होतं. यंत्र त्या टिपेकडे ढुंकूनही बघत नाही. ती मी नीट केली आणि फाइल सेव्ह केली.

दहा वाजता लाइट गेली. शेजारच्या काकांनी लाइनमनला फोन लावला आणि दारातूनच सांगितलं, "डीपीवर काम चालू हाये. पाचच्या आत येत न्हाई म्हन्तो." मी मनात हिशेब मांडला. आबांच्या खाली हवेची गादी होती, तिचा पंप इन्व्हर्टरवर चालायचा, तो बंद ठेवून चालणार नव्हतं. डोक्यावरचा पंखाही इन्व्हर्टरवर. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी बिल्डला टिकत नसे, पण तो थोडा वेळ इन्व्हर्टरवर लावला तर जमेल. मी बिल्डचं बटण दाबलं आणि पडद्यावर आलं: प्रोजेक्ट एक, त्रेसष्टपैकी.

त्या एका स्पेलिंगपायी त्रेसष्टही! बिल्ड थांबवला. केलेलं स्पेलिंग पुन्हा होतं तसं चुकीचं केलं, पण वेळ तर नवीच पडली होती. मग मी एक आगाऊपणा केला. कॉमनची वेळ हाताने मागे नेऊन कालची केली. यंत्राला सांगितलं, हिला कोणी शिवलेलं नाही. यंत्राचा काय, लगेच विश्वास बसला. हात लागलेले चारच प्रोजेक्ट कंपाइल झाले आणि अकरा मिनिटांत बिल्ड तयार. दुरुस्ती चालतेय का ते पाहिलं, चालत होती. साडेअकराच्या आत पुण्याला पाठवून दिलं. मी खूश होतो, इतका की आईला म्हणालो, "आज लौकर सुटलो."

पाऊण वाजता जेवायला बसलो होतो, तेव्हा पुण्याच्या एका सहकाऱ्याचा सकाळचा मेसेज मी पहिल्यांदा वाचला. त्याने कॉमनमध्ये पेशंटच्या नोंदीत एक नवा रकाना घातला होता, मधोमध. सगळ्यांनी पूर्ण बिल्ड करावा, असं लिहिलं होतं. म्हणजे सकाळी मी उतरवून घेतलेली कॉमन खरोखरच बदललेली होती, आणि तिला कोणी शिवलेलं नाही असं मीच यंत्राला पटवलं होतं. माझे चार प्रोजेक्ट नव्या नोंदीप्रमाणे चालत होते आणि एकोणसाठ जुन्या. फडताळात डबे एक-एक घर सरकवून ठेवावेत आणि स्वयंपाक करणारीला कोणी सांगूच नये, तसं. ती सवयीने हात घालणार आणि चहात मीठ पडणार. आमच्याकडे मीठ-साखरेचा प्रश्न नव्हता. नव्या रकान्याच्या शेजारी पेशंटचं वजन होतं, आणि वजनावरून औषधाचा डोस काढला जायचा.

चाचणीत हे सापडेल, असं मी स्वतःला सांगितलं. नाही सापडलं तर? गप्प बसलो असतो तर निदान त्या दिवशी कोणाला कळलं नसतं. हा विचार मी केला होता, नाही म्हणत नाही. मग हात धुतले आणि मॅडमना फोन लावला.

"मॅडम, मी पाठवलेलं वापरू नका. माझी चूक झाली. पूर्ण बिल्ड करायला हवा होता."

त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. इथं कोणाला तरी बिल्ड करायला सांगते."

त्यांनी चांगुलपणाने म्हटलं होतं हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त एक तारीख दिसली. पुण्यातल्या माणसाने माझं काम पुरं केलं की तिसरा उशीर माझ्या नावावर लागलाच. मी म्हणालो, "नको मॅडम. चारच्या आत मी देतो." फोन ठेवला तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. दोन तास चाळीस मिनिटं धरली तर पावणेचार. वेळ पुरत होता, पण बॅटरी पुरत नव्हती. लॅपटॉप, पंप आणि पंखा मिळून ती तासाभरात बसली असती.

आई म्हणाली, "आता काय झालं? मगाशी तर सुटलो म्हन्लास." मी तिच्यावर खेकसलो. म्हणालो, समजत नाही तिथे बोलू नको. मग हळू आवाजात सगळं सांगितलं, पंख्याचंही. आबांची खाट त्याच खोलीत होती. ते सगळं ऐकत होते. त्यांनी डावा हात उचलून वर दाखवलं आणि म्हणाले, "बंद कर. हिव... वाजून राह्यलं."

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. गडी माणसंसुद्धा झाडाखाली गेली होती. मी आबांकडे पाहिलं नाही. पंखा बंद केला आणि बिल्ड लावला.

चारला दहा कमी असताना बिल्ड पुण्याला पोचला. मॅडमचं उत्तर आलं, "मिळाला. थँक्स." एक तारीख आली आणि गेली, मी गावातच राहिलो. पुढच्या काही महिन्यांत मी कॉमन फोडून तिच्या अकरा फाइली केल्या, ज्याला जी लागते तेवढीच त्याने वाचावी अशा. आता सगळ्यात मोठा बदल केला तरी बिल्डला वीस मिनिटं लागत नाहीत. टीमने कौतुक केलं. एका बैठकीत मला विचारलं, हे इतकं बारकाईने करायचं कसं काय सुचलं? मी म्हणालो, आमच्याकडे लाइट फार जाते.

त्यांना त्या शुक्रवारचं तीन वाजताचं सांगितलं नाही. तीन वाजता आबांना वळवायची वेळ झाली. मी आणि आईने त्यांना कुशीवर घेतलं. पाठीखालची चादर पिळून काढावी इतकी भिजलेली होती, अंगावर घामोळं उठलं होतं, आणि आबा डोळे मिटून होते. आईने माझ्याकडे पाहिलं आणि पंख्याच्या बटणाकडे हात नेला. पडद्यावर बेचाळिसावा प्रोजेक्ट चालू होता.

मी म्हणालो, "आई, थांब. अजून पाऊण तास."