आमाब्लच्या चुलीवरचे त्र्याहत्तर दिवस

आमाब्ल रोशाँला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नसे. सही मागितली की फुली मारायचा, आणि तीही वाकडी. मिसूरी नदीचा नकाशा काढत प्रवाहाविरुद्ध वर चाललेल्या आमच्या मोहिमेचा तो स्वयंपाकी. बुटका, रुंद खांद्यांचा, अंगाला अस्वलाच्या चरबीचा वास कायमचा चिकटलेला. मी सार्जंट. रोज संध्याकाळी रोजनिशी लिहायची, असा मला कॅप्टन लॉरिंगांचा हुकूम होता. किती मैल आलो, वारा कुठला, जनावरं कुठली दिसली, ओढे किती लागले. कॅप्टन स्वतःची वेगळी लिहीत.

मी गुडघ्यावर वही घेऊन बसलो की आमाब्ल हंड्यात पळी फिरवत विचारायचा, "काय सार्जंट, आज कागदाला काय जेवायला घातलंस?"

"तू रांधलेलंच. कागदानं तोंड फिरवलं."

वल्हेकरी पोट धरून हसायचे.

१८१९ सालची गोष्ट. जुलैची पहिली तारीख. सेंट लुईस सोडून त्र्याहत्तर दिवस झाले होते. भर दुपारी पाण्याखाली रुतलेल्या एका झाडानं आमच्या मोठ्या होडीचं पोट टराटरा फाडलं. माणसं सगळी वाचली. पण दोन्ही रोजनिशा ज्या पत्र्याच्या पेटीत होत्या, ती पेटी गढूळ पाण्यात गेली ती गेलीच. झिरू नावाचा आमचा पट्टीचा पोहणारा वल्हेकरी दोन दिवस बुड्या मारत होता. हाती आला फक्त एक बूट.

कॅप्टन काठावर बसून राहिले. त्यांच्या कोटाच्या खिशात एक चिमुकली वही तेवढी वाचली होती, पण तिच्यात नुसती ताऱ्यांची मापं. "परत फिरू या," ते म्हणाले. "सगळं गेलं."

आमाब्ल कॅटफिश मासा सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "कुठला दिवस पाहिजे, साहेब?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठला दिवस? मी तर रोज रांधलंय."

कॅप्टनांना थट्टा वाटली. खिशातली वही उघडून ते चिडून म्हणाले, "चौदा मे. सांग."

"पेलिकन पक्षी. तीनदा उकळला तरी शिजेना. तुमचा दात हलला, ही बाजू. दक्षिणेचा वारा होता, धूर सगळा झिरूच्या तोंडावर. दुपारी गारा पडल्या, म्हणून लवकर थांबलो. रात्री ढग, तारे दिसलेच नाहीत. वहीत काही नसणार."

कॅप्टनांनी पान पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "'ढग' एवढंच लिहिलंय," ते हळूच म्हणाले, आणि ताडकन उठले. "सार्जंट! कागद!"

दुसऱ्या होडीत कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. शाई बुडाली होती, म्हणून मी बंदुकीची दारू पाण्यात कालवली. आणि सुरू झालं! आमाब्ल पहिल्या दिवसाच्या वाटाण्यांपासून सांगत निघाला. कुठल्या बेटावर जळण ओलं होतं, कुठे हरणाची मांडी लांडग्यानं पळवली, कुठल्या वळणावर पाणी इतकं खारट की मीठच घालावं लागलं नाही. एकेका जेवणामागून अख्खा दिवस उठून उभा राहायचा. वल्हेकरी भोवती गोळा झाले. "अरे हो! तिथेच मला माशी चावली!" "तिथे नाही रे, त्याच्या पुढच्या वाळूत!" माझं बोट सुजलं, पण थांबवेना.

एकोणसत्तराव्या दिवसापाशी मात्र गाडी अडली. कॅप्टन म्हणाले, "त्या दिवशी दक्षिणेकडून एक ओढा मिळाला."

"उत्तरेकडून," आमाब्ल म्हणाला. "पांढऱ्या कड्याच्या बरोब्बर समोर. तुमचा तळ कड्याखाली, मी एकटाच पलीकडे सहा कासवं रांधायला गेलो होतो."

"मी डोळ्यांनी पाहिलाय."

"तुम्हाला ताप होता, साहेब. तुम्ही घोरत होता."

कॅप्टनांचा चेहरा लाल. "सार्जंट, याला घेऊन खाली जा आणि बघून या. चुकला तर आजवरचं सगळं फाडीन."

आम्ही लहान होडी प्रवाहात लोटली. वर यायला चार दिवस लागलेली वाट, पण पाणी आम्हाला बाणासारखं नेत होतं. मी विचारलं, "आमाब्ल, नक्की ना?"

"गप्प वल्हव."

दुसऱ्या दिवशी दुपारी पांढरा कडा दिसला. समोरच्या काठाला नुसती विलोची झुडपं. ओढ्याचा पत्ता नाही. आमाब्लनं होडी थेट झुडपांत घुसवली, फांद्या बाजूला झाल्या आणि थंडगार, नितळ पाणी आमच्या पायांशी! काठावर त्याचीच विझलेली चूल, भोवती सहा कासवांची कवचं.

"मोज, सहाच आहेत," तो म्हणाला. मी त्याला उचलून गरगर फिरवला. दोघंही पाण्यात पडलो.

परत येऊन कवचं कॅप्टनांपुढे ठेवली. त्यांनी टोपी काढली. "मी चुकलो, रोशाँ. त्या ओढ्याला नाव तू दे."

आमाब्ल संकोचला. "त्याला नाव असणार, साहेब. माझी बायको इथल्या पोन्का जमातीतली. तिचा बाप त्या बाजूला शिकारीला जातो. त्यालाच विचारू."

आठवड्याभरात आम्ही पोन्कांच्या गावी पोचलो. सासरेबुवांनी आधी जावयाला सुनावलं, "वाळलास. स्वतःचं रांधलेलं खातोस वाटतं?" मग बोटानं जमिनीवर नदी काढली आणि त्या ओढ्याचं नाव सांगितलं, आणि पुढच्या अकरा ओढ्यांचीही, जे आम्ही अजून पाहिलेही नव्हते! आमाब्ल ओरडून अर्थ सांगत होता, कॅप्टन गुडघ्यांवर बसून नकाशा उतरवत होते, मी लिहीत होतो.

त्या शरद ऋतूत त्या कागदांची वही शिवली आणि तिच्यावर कॅप्टनांनी स्वतःच्या हातानं लिहिलं की पहिले त्र्याहत्तर दिवस आमाब्ल रोशाँच्या तोंडून उतरवले आहेत. आमाब्लनं त्याखाली फुली मारली. पुढे बारा वर्षं तो दर वसंतात नदीवर जात राहिला, आणि कुठलीही मोहीम निघाली की तिचा म्होरक्या आधी त्याच्या दारात यायचा.