हात लांब करून माप घ्यायचं

मंडळी, दुपारपासून चित्त थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय.

तुम्हाला माहीतच आहे, ऐंशी ओलांडल्यावर मी इथे बंगळुरूत, मल्लेश्वरममध्ये ॲनिमेशनचा कोर्स लावलाय. आज समोरचा माणूस बघून चित्र काढायचा तास होता. कँटीनमधली मंजुळा अक्का आमच्यासाठी स्टुलावर बसली होती.

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "हात सरळ लांब करा, एक डोळा मिटा आणि पेन्सिलीवर डोक्याचं माप घ्या."

मी हात लांब केला आणि तिथेच थांबलो.

तोफखान्यात आम्ही असंच मोजायचो, बोटांनी. पासष्टच्या लढाईत एका टेकडीवरून मी मोजलं होतं. एकट्या झाडापासून तीन बोटं उजवीकडे, विटांचं घर. गाव रिकामं आहे असं आम्हाला सांगितलं होतं. अंगणात कुणीतरी दोरीवरचे कपडे काढत होतं. मी तरीही माप वायरलेसवर मागच्या तोफांना सांगितलं.

आज पेन्सिलीच्या टोकाशी अक्काचं डोकं होतं. बाकी सगळ्यांची चित्रं झाली, माझा कागद कोराच राहिला.

बाई म्हणाल्या, "सर, चुकलं तर खोडा की."

अक्काला वाटलं, तिचंच काहीतरी चुकलं. निघताना जवळ येऊन म्हणाली, "अण्णा, मी स्वल्प हलले ना? सोमवारी अजिबात हलणार नाही. सरी? चालेल ना?"

मी हो म्हणालो. आता सोमवारी तिच्यासमोर हात कसा उचलू, तुम्हीच सांगा.