एल-काकांचं पत्र

एल-काका रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत. इंग्लंडमधल्या स्लाऊला नोकरीसाठी आलेल्या आम्हा पुण्या-मुंबईच्या मंडळींना त्यांनीच गाडी शिकवली, आणि लाल 'एल' लावलेल्या त्यांच्या गाडीवरून त्यांना हे नाव पडलं. शेजारी बसून 'तीसची लिमिट', 'पुढे शाळा' असं अखंड चालू. एकदा मी वैतागून म्हटलं, काका, मला दिसतंय. ते शांतपणे म्हणाले, "पाटी दिसली नाही ही सबब पोलिसाला चालत नाही आणि झाडालाही चालत नाही."

विद्यार्थ्याची टेस्ट असली की काका हजर म्हणजे हजर. कंबर धरलेली असो, घरी पाहुणे असोत, त्याने इतके महिने तारखेची वाट पाहिली आहे, एवढंच ते म्हणत. मी दोनदा नापास झालो. दोन्ही वेळा थर्मासमधला चहा पाजला आणि चकार शब्द काढला नाही. तिसऱ्यांदा पास झालो तेव्हा म्हणाले, "आता शिकायला सुरुवात कर." कौतुकात माणूस तसा कंजूषच.

त्यांचा मुलगा रोहन इथेच जन्मलेला, मराठी मोडकंतोडकं, वेअरहाउसमध्ये कामाला, आणि गाड्यांचा भारी शौकीन. रविवारी संध्याकाळी ट्रेडिंग इस्टेटच्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतल्या, सरळ रस्त्यावर पोरं शर्यती लावत. आसपासच्या लोकांना वीट आला, तेव्हा कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, कोर्टातून मनाईहुकूम आणला: शर्यत लावायची नाही, बघायलाही जमायचं नाही, मोडलात तर कोर्टाचा अवमान आणि जास्तीत जास्त दोन वर्षं कैद. खांबाखांबावर पिवळ्या नोटिसा लागल्या. काकांनी ती नोटीस अर्थातच मोठ्याने वाचली, फोटो काढला आणि घरी जेवणाच्या टेबलावर रोहनला पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचून दाखवली.

तरीही दोन महिन्यांनी रोहन शर्यतीत पकडला गेला. आपल्याला असा काही हुकूम असल्याचं ठाऊकच नव्हतं, असं त्याने जबाबात लिहून सही केली. तो पकडला गेला त्या टोकाची नोटीस कोणीतरी फाडली होती, त्यामुळे वकिलालाही आशा होती. घरी मात्र या जबाबाबद्दल तो कोणाशी बोलला नव्हता.

काकांना तुरुंगाइतकीच भीती होती ती आईबापांनी वळण लावलं नाही असं कोणी म्हणेल याची. हाताने लिहिलेलं पत्र घेऊन ते माझ्याकडे आले. जज्जसाहेबांना पाठवायचंय, जरा इंग्रजी बघ आणि टाईप कर, म्हणाले. त्यात एक वाक्य होतं: 'हा हुकूम मी स्वतः त्याला दोनदा वाचून दाखवला होता, आमच्या घरात शिस्त आहे.' मला ते वाक्य फार आवडलं. लग्न जमवताना घराणं सांगतात तसं आम्ही दोघांनी कोर्टाला घराणं सांगितलं. वकिलाला दाखवू या का, असं मी तोंडदेखलं विचारलं. "वकील पैसे घेऊन बोलतो. मी बाप आहे," काका म्हणाले. पत्र थेट कोर्टाच्या पत्त्यावर गेलं.

सुनावणीच्या दिवशी एका मुलीची टेस्ट होती, म्हणून काकांनी आपल्या जागी मला पाठवलं. पत्राची प्रत त्याच सकाळी दोन्ही वकिलांच्या हाती पडली होती. आमच्या वकिलाने रोहनचा जबाब दाखवला आणि मी काय टाईप केलं होतं ते मला त्या क्षणी कळलं. कौन्सिलच्या वकिलाने रोहनला एवढंच विचारलं, की वडिलांनी हुकूम वाचून दाखवला होता, की वडील खोटं लिहितायत?

रोहन म्हणाला, वाचला होता. दोनदा.

जज्जबाई म्हणाल्या, हुकूम मोडणं एक आणि कोर्टाला खोटं लिहून देणं दुसरं. चार आठवडे कैद. घेऊन जाण्यापूर्वी तो मला म्हणाला, "दादा, बाबांना पत्राचा काही सांगू नको. प्लीज."

मी टेस्ट सेंटरवर गेलो. मुलगी पास झाली होती. चार आठवडे, असं सांगितल्यावर काका स्टिअरिंग धरून बसून राहिले. मग विचारलं, "पत्र वाचलं का त्यांनी?" वाचलं, मी म्हणालो. "नाहीतर दोन वर्षं झाली असती," ते म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

पुढे हीच गोष्ट त्यांनी मंडळात, लायब्ररीत, नव्या विद्यार्थ्यांना, सगळीकडे सांगितली. रोहनची वेअरहाउसची नोकरी गेली. आता तो पार्सलची व्हॅन चालवतो. बापाची गोष्ट सुरू झाली की तो शेजारी बसून "हो बाबा" म्हणायचा. दर वेळी. ऐकून ऐकून मीच थकलो, तो थकला नाही.

गेल्या हिवाळ्यात काका हृदयविकाराने गेले. शोकसभेला हॉल भरला होता, निम्मे लोक त्यांच्याच हाताखाली गाडी शिकलेले. रोहनला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो म्हणाला, "बाबांचा पत्र होता, म्हणून मी वाचला." लोकांनी डोळे पुसले. मी मागच्या खुर्चीत मान खाली घालून बसलो.

मी अजून त्याची माफी मागितलेली नाही. मागायची तर आधी ते पत्र चुकलं होतं असं म्हणावं लागेल, आणि तेवढं तो मला म्हणू देणार नाही.